आखाजीनंतरचा उकिरडा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सरली की आमच्या मागच्या परसात उकिरडा फोडतात. वर्षभराचं शेण, गोठ्यातली झाडलोट, चुलीची राख, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे तुकडे, बैलांच्या पायाखाली गेलेला कडबा, सारं तिथे साचलेलं असतं. वरून तो राखाडी आणि मेल्यासारखा दिसतो. पहिलं फावडं आत गेलं की त्याच्या पोटातून वाफ येते. वास तसा वाईट नसतो. ओल्या लाकडासारखा, थोडा आंबूस, थोडा गोड. खत चांगलं मुरल्याची ती खूण, म्हणून घरातली माणसं त्या वासाने खूश होतात. मी त्या दिवशी आतल्या खोलीत काहीतरी काम काढून बसते.

आज सकाळी गाडे लागले. फावड्याची करकर, पाटी उपडी होतानाचा धप असा आवाज, बैलांनी मान हलवली की घुंगरं. मी भिंतीकडे तोंड करून तूर निवडत होते. मध्येच पाहिलं तर सुपातले खडे आणि तूर दोन्ही मी एकाच बाजूला सारत होते.

उकिरड्यावर पाणी मारणं हे या घरात माझं काम. माघापासून रोज संध्याकाळी दोन घागरी मी त्यावर ओतते आणि काठीने तो खालवर करते. चैत्रात आडाचं पाणी तळाला जातं, पोहरा खडखडत वर येतो, तरी दोन घागरी चुकत नाहीत. शेजारच्या बायका हसतात. म्हणतात, या घरात माणसं अर्ध्या बादलीत अंघोळ करतात आणि उकिरड्याला न्हाऊ घालतात. मीही हसते. कोरड्या उकिरड्यात लाल मुंग्या घर करतात, ओल्या आणि हलवलेल्या उकिरड्यात त्या राहत नाहीत, एवढंच त्याचं कारण आहे.

हे मला वडिलांनी शिकवलं. माझं माहेर सोनगीरचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. आमची जमीन खडकाळ, जनावरं दोनच, त्यामुळे उकिरडाही लहान. उन्हाळ्यात त्यात मुंग्या झाल्या की वडील धुण्याचं पाणी त्यावर टाकत आणि काठीने ढवळत. मी शेजारी उभी असायची. थोड्या वेळाने मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून निघायच्या, एकीमागे एक, भिंतीच्या कडेने. वडील म्हणायचे, "त्यांना मारायचं कशाला? त्यांना नको वाटेल असं करायचं, म्हणजे त्या आपण होऊन बिऱ्हाड उचलतात." चौथीपर्यंतची शाळा आणि एवढं एक ज्ञान घेऊन मी पारोळ्याकडच्या या घरात आले. तेव्हा मला तेरावं लागलं होतं.

मला बोलता येत नसे. म्हणजे शब्द यायचे, पण दोनापेक्षा जास्त माणसं समोर असली की ते बाहेर पडत नसत. कुणी काही विचारलं तर मान हलवायची, नाहीतर पदराचं टोक चावत उभी राहायची. मोठ्या जावेला मी अक्का म्हणायची. अक्का चारचौघींत म्हणायची, "हिले दातखिळी बठेल शे का वं? का सोनगीरले बठ्ठ्या मुक्याच ऱ्हातस?" बायका हसायच्या. अक्का मनाने वाईट नव्हती. मुकी माणसं चेष्टेला बरी पडतात.

सासूला घरात सगळे माय म्हणत. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला माणूस दिसायचं, माणसाचं तोंड दिसायचं नाही. पण हाताला सारं कळायचं. पीठ चाळलेलं आहे की नाही हे ती चिमटीत घेऊन सांगायची. माझी पहिली दोन्ही लेकरं तिच्याच हातांवर आली. पहिला मुलगा महिनाभर जगला. दुसरा सहा दिवस. दोघांना बांधावरच्या बाभळीखाली पुरलं.

आखाजीला आमच्याकडे मेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, वर खरबूज, सांजोरी, आमरसाची वाटी. आजोबा, पणजोबा, साऱ्यांना पाणी मिळतं. एवढ्याशा लेकरांच्या नावाने मात्र घागर भरत नाहीत. दात आले नाहीत, नाव ठेवलं नाही, त्यांना कुठल्या नावाने हाक मारायची? दुसरा गेला त्या वर्षी आखाजीला मी घागरीसमोर हात जोडून उभी होते आणि माझ्या मनात एकच येत होतं, की या सगळ्यांचं पोट भरेल आणि ते दोघे बाजूला उभे राहून बघतील.

मायला ते कळलं असावं. संध्याकाळी तिने एक वाटी माझ्या हातात दिली. तिच्यात ज्वारीचं पीठ आणि किसलेला गूळ होता. माझा हात धरून ती मला परसात घेऊन गेली. उकिरड्याच्या एका कोपऱ्यात आमच्याकडे बाळंतिणीची वार पुरतात. तिथे वाकून ती म्हणाली, "अठे टाकत जाय. मुंगी खास ते त्यासले पोचस. मी तीस वरीस टाकी ऱ्हायनू." माझ्या नवऱ्याच्या आधी मायची चार लेकरं गेली होती. मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं. तीस वर्षं ती रोज पीठ टाकत होती आणि मी समजत होते की म्हातारी चिमण्यांना घालते.

त्या दिवसापासून वाटी माझ्याकडे आली. सहाजणांचं जेवण ते.

खरं सांगायचं तर त्या एका वर्षात मला सुख झालं, ते तेवढंच. संध्याकाळी भाकरी टाकायच्या आधी मी वाटी घेऊन जायची. आधी काळ्या मुंग्या यायच्या, सुस्त, घाई नसलेल्या. पिठाचा कण डोक्यावर घेऊन त्या चालू लागल्या की मी मोजायची नाही, नुसती बघायची. दोन मुंग्या जवळजवळ चाललेल्या दिसल्या की वाटायचं, ते हेच. मी त्यांच्याशी बोलायची. जिला घरात तोंड उघडता येत नव्हतं ती उकिरड्याशी बसून बोलायची की आज गूळ कमी आहे, उद्या जास्त आणीन. की वडिलांचं पत्र आलंय. की मला परत दिवस गेलेत, तुम्हाला भाऊ येईल.

माघ-फाल्गुनात काळ्या मुंग्या कमी झाल्या आणि लाल येऊ लागल्या. उकिरडा सुकत चालला होता. लाल मुंग्या पिठावर तुटून पडायच्या. एकदा माझ्या पायाच्या बोटाला डसली, तर दोन दिवस आग होत होती. वडील इथे असते तर त्यांनी त्याच संध्याकाळी पाणी टाकलं असतं. मी मायला सांगितलं नाही. मायला काळी आणि लाल यांतला फरक दिसणार नव्हता. मुंग्या वाढत होत्या याचा मला आनंदच होता. जेवढ्या जास्त तेवढं जास्त पोचणार, असा माझा हिशेब.

तिसरा मुलगा चैत्राच्या शेवटी झाला. भरलेला, काळासावळा, रडला की साऱ्या आळीला ऐकू जाईल असा. माय त्याच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बसली आणि म्हणाली, "हाऊ जगी." मग तिने ठरवलं की याला उकिरड्यावर ठेवायचा.

ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे आमच्याकडे असं करतात. बाराव्या दिवशी लेकराला उकिरड्यावर टाकायचं. जिची सगळी लेकरं जगली आहेत अशी परक्या घरची बाई मागच्या वाटेने येते. ती तीनदा विचारते, हे कोणाचं? आईने तीनदा सांगायचं, माझं नाही. मग ती बाई सूपभर कोंडा देऊन लेकरू घेते आणि आईला सांभाळायला म्हणून परत देते. मरणाला वाटतं की हे टाकून दिलेलं, कुणाचंच नाही, याला कशाला न्यायचं. मुलाचं नाव मग उखा ठेवतात किंवा उखर्डू. आमच्या भागात गावोगाव उखा आहेत, म्हातारे झालेले, नातवंडं असलेले. त्यामुळे हे खोटं म्हणायला मला तेव्हाही जीभ नव्हती आणि आताही नाही.

बारावा दिवस आखाजीनंतर दोन दिवसांनी आला. उकिरडा त्याच पहाटे फोडला होता. चार गाडे शेतात गेले होते आणि कोपऱ्याकडची कड तेवढी शिल्लक होती, कोरडी, भुसभुशीत. मी चुलीची राख टाकायला गेले तेव्हा ऊन नुकतंच परसात आलं होतं. मायने आधीच तिथे हाताने चाचपून जागा सारखी केली होती, जुनं फडकं अंथरलं होतं, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले होते. फडक्याच्या खालून लाल रांग जात होती. फावड्याने त्यांचं घर उघडं पडलं होतं आणि तोंडात अंडी धरून त्या सैरावैरा धावत होत्या. काही फडक्यावरही चढल्या होत्या.

माझ्या मागे, आडाच्या कट्ट्यावर, दोन भरलेल्या घागरी होत्या. बैलांसाठी भरलेल्या. मी एक उचलली. कमरेवर घेतली. त्या रांगेकडे बघत उभी राहिले. दोन घागरी पाणी आणि काठीने दोन फेरे, एवढंच करायचं होतं. कुणाची परवानगी लागत नव्हती, एक शब्द बोलावा लागत नव्हता.

मी घागर बैलांच्या डोणीत ओतली. मग दुसरीही.

लाजेने गप्प राहिले असं पुढे मी स्वतःला कितीदा सांगून पाहिलं. पण पाणी ओतायला लाज आडवी येत नाही. त्या मुंग्यांना मी वर्षभर जेवू घातलं होतं. त्यांना घालवून दिलं तर ते दोघे कुठे जातील, एवढंच त्या वेळी माझ्या मनात आलं. हा तिसरा माझ्याजवळ होता, दूध पीत होता, गरम होता. त्याला काय कमी आहे, असं मला वाटलं. दुपारपर्यंत ऊन तापेल आणि त्या आत जातील, असंही वाटलं. आईने लेकरांमध्ये डावं-उजवं करू नये म्हणतात. मी ते केलं.

दुपारी कोंड्याचं सूप घेऊन सरजाबाई कुंभारीण आली. तिची नऊ लेकरं, नऊही जिवंत. आखाजीच्या घागरींच्या घाईने तिचे हात अजून मातीने पांढरे होते. परसात शिरताच ती म्हणाली, "मना घर मरणले बी पाय ठेवाले जागा नही वं. नऊ शेतस, दारातच आडवं पडेल ऱ्हातस." सगळ्या हसल्या. मायही हसली. मग मायने बाळाला माझ्याकडून घेतलं, चाचपत चाचपत त्या फडक्यावर ठेवलं आणि मागे सरली.

सरजाबाईने पहिल्यांदा विचारलं, "उकिरडावर हाई काय पडेल शे? हाई पोर कोनं शे?"

मी दाराशी होते. समोर सात-आठ बायका, पलीकडे गाड्यापाशी पुरुष. मी काहीतरी पुटपुटले. माय म्हणाली, "जोरमा बोल. मरणले ऐकू जायाले पाहिजे."

बाळ रडायला लागलं. नेहमीचं रडणं नव्हतं ते. एकदा ओरडून श्वास धरून ठेवायचं आणि मग परत. अक्का पुढे होऊ लागली, तर मायने तिला अडवलं. "रडू दे. रडस ते चांगलं शे. टाकी दिधं असं वाटू दे."

"कोनं शे हाई पोर?" सरजाबाईने घाईने विचारलं.

मला वाटलं, लवकर बोलले तर लवकर उचलतील. मी ओरडले, "मनं नही!"

"अवं माय," अक्का टाळी वाजवून म्हणाली, "हिले आवाज शे!" आणि बायका पुन्हा हसल्या. त्या हसण्यात सरजाबाईचं तिसरं विचारणं मला ऐकूही आलं नाही. मी नुसती "मनं नही, मनं नही" म्हणत राहिले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती आणि या घरात चारचौघांना ऐकू जाईल असं मी पहिल्यांदा काही बोलले ते हे.

सरजाबाईने त्याला उचललं आणि तिचं तोंड बदललं. "अवं, मुंग्या! लाल शेतस वं बठ्ठ्या!" मानेच्या घडीत, काखेत, मांड्यांच्या मध्ये, कानात. तिने त्याचं फडकं काढून फेकलं, मातीच्या हातांनी त्याला पुसत सुटली. अक्काने तेल आणलं, कानात सोडलं. तेलावर तीन मुंग्या तरंगून आल्या.

पुढचे पाच दिवस मी लिहीत नाही. अंग सुजलं, ताप उतरेना, त्याने दूध सोडलं. पाचव्या दिवशी यांनी खताच्या गाड्याचे बैल सोडून प्रवासाच्या दमणीला जुंपले आणि आम्ही धुळ्याच्या दवाखान्याकडे निघालो. ऊन एवढं होतं की रस्ता पाण्यासारखा हलत होता. मी पदराची सावली त्याच्या तोंडावर धरली होती. निम्मी वाट झाल्यावर मी यांना म्हणाले, बैल वळवा.

तो गेल्यानंतरच्या सकाळी मी परसात गेले तर माय उकिरड्यापाशी बसलेली होती. तिने उजवा हात कोपरापर्यंत त्या कोपऱ्यात खुपसला होता. मुंग्या दंडावर चढल्या होत्या. ती हात काढत नव्हती. मी धावत जाऊन तिचा हात ओढला, पदराने मुंग्या झटकल्या. हात फुगून लाल झाला होता. तिने माझ्या तोंडाकडे, जिथे तोंड असेल असं तिला वाटलं तिकडे, पाहिलं.

"तू राख टाकाले उनी व्हती सकायले. तू देखं व्हतं का यासले?"

मी म्हणाले, "नही, माय."

तिने तो हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "तुना डोया धड शेतस. तुले दिसन्यात नही, मंग नव्हत्याच त्या. मीच हात फिरवा. मीच उठाडं त्यासले." जागा सारखी करायला आपण हात फिरवला त्यानेच त्या उठल्या, असं तिने धरलं. मी तिच्या हाताला तेल लावत होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिला दिसणार नव्हतं.

पिठाची वाटी तिने स्वतः फडताळात उपडी ठेवली. तीस वर्षांनी. त्या संध्याकाळी तिनेच मला सांगितलं, उकिरड्यावर पाणी टाक. मी दोन घागरी ओतल्या. मुंग्या तोंडात अंडी धरून भिंतीच्या कडेने निघाल्या. माय विचारत राहिली, "गयात का? बठ्ठ्या गयात का?" मी म्हणाले, "गयात." त्यांच्याबरोबर तिची चार आणि माझी दोन गेली. सातव्यासाठी आम्ही कधी पीठ टाकलंच नाही.

दोन वर्षांनी यमुना झाली. तिला उकिरड्यावर ठेवायचं नाव कुणी काढलं नाही. माय खोलीच्या दाराशी यायची, आवाज ऐकायची, तिथूनच परत जायची. मुलगी रांगायला लागली आणि पहिल्यांदा मायकडेच गेली, तर मायने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको वं. मना हात चांगला नही." मुलगी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, हात वर करायची, आणि माय हात पदराखाली दाबून बसून राहायची. मी चुलीपासून बघायची. एक वाक्य बोलायचं होतं. माय, मी पाहिल्या होत्या. एवढं बोलले असते तर त्याच क्षणी मुलगी तिच्या मांडीवर असती. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, हे कळल्यावर ती मला काय म्हणेल, नवरा काय म्हणेल, अक्का साऱ्या गावात काय सांगेल. आणि मग दिवस संपायचा. अशी सहा वर्षं गेली. माय गेली तेव्हा यमुना सहा वर्षांची होती आणि तिला मायच्या हाताचा स्पर्श माहीत नव्हता.

परवा यमुना आखाजीचं माहेरपण संपवून दोंडाईच्याला निघाली. तिला आता सातवा महिना लागलाय. पेटी भरता भरता तिने आपल्या आजीबद्दल विचारलं, "बाई, मोठी माय माले कव्हयच मांडीवर का घेये नही वं?"

मी तिच्या लुगड्याची घडी करत होते. ती घडी मोडून परत घातली.

"पोरगी व्हती म्हनीसन ना?" ती म्हणाली. "पोऱ्या ऱ्हाता तर घेती."

घरात दुसरं कुणी नव्हतं. अक्का जाऊन चार वर्षं झाली, हे शेतात होते. ऐकायला एक माझी लेक होती, आणि ती मला काहीही म्हणाली नसती.

"व्हय," मी म्हणाले. "जुन्या बाया तश्याच व्हत्यात."

यमुनेने मान हलवली. तिच्या तोंडावर राग नव्हता. लहानपणापासून जे वाटत होतं ते खरं निघालं, एवढंच. तिने पेटीचं झाकण लावलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी तिची वेणी घातली, आणि गाडी चुकेल म्हणून तिला घाई केली.